आगीपासून लांब

चौथीत असताना मी आठवड्यातून तीन-चार वेळा अंथरूण ओलं करायचे. हे वाक्य मी आधी इंग्रजीत लिहून पाहिलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं आहे, आणि लाजिरवाण्या गोष्टी त्या भाषेत लिहिल्या की त्या दुसऱ्याच कुणा मुलीच्या वाटतात. पण ही गोष्ट इंग्रजीत सांगता येत नाही. तो प्रयत्न मी चौथीत एकदा केला होता, आणि त्यातून जे झालं तेच इथे लिहायचं आहे.

आमचं घर देवरीत, हायवेपासून आत दोन गल्ल्या सोडून. बाबांचं नळ आणि पाइपांचं दुकान होतं, अजून आहे. घरात आई, बाबा, आबाजी म्हणजे बाबांचे वडील, आणि मी. सकाळी माझी गादी उचलून स्लॅबवर नेताना आई रोज तेच बोलायची, "साऱ्या गावाची गळती बंद करून राहिले, घरातली होऊन नाई राहिली." बाबा तेव्हा नेमके दात घासत असायचे, म्हणजे त्यांना उत्तर द्यावं लागायचं नाही.

गादी स्लॅबच्या मागच्या बाजूला वाळायची, जिकडून फक्त बांबूचं बेट दिसतं. कोणी विचारलंच तर दमट झाली होती, असं सांगायचं ठरलं होतं. उन्हाळ्यात, भर मे महिन्यातही आमची गादी दमट व्हायची.

आईचं मत असं होतं की हा निव्वळ आळस आहे. जाग येते, पण पोरीला उठायचा कंटाळा येतो. मला जाग येत नाही हे मी तिला सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली, "जाग येत नाई हे तुले कसं मालूम? तू तर झोपली रायते." तिने संध्याकाळी पाचनंतर माझं पाणी बंद केलं होतं. मी दात घासायच्या निमित्ताने न्हाणीघरात जाऊन ओंजळीने पाणी प्यायचे. तहान ही काय चीज आहे ते मला त्या वर्षी नीट कळलं.

आबाजींचं मत वेगळं होतं, आणि ते मत नव्हतं, ज्ञान होतं. "जो आगीसंग खेळते, तो रात्री मुतते." हे ते धान कधी कापायचं ते सांगावं तितक्या सहज सांगायचे. त्यात राग नसायचा. आईसारखं ते मला कधी बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोष माझा नव्हताच, आगीचा होता. त्यामुळे मला त्यांचंच म्हणणं जास्त पटायचं.

डिसेंबरमध्ये शाळेत कॅम्पचा फॉर्म मिळाला. चौथीच्या वर्गाला नवेगावच्या तळ्याकाठी नेणार होते. तीन दिवस, दोन रात्री, एका मोठ्या हॉलमध्ये ओळीने गाद्या. शाळेत माझ्याशी आपणहून बोलणारी एकच मुलगी होती, माझ्या बाकावरची. तिने फॉर्म दप्तरात टाकता टाकता विचारलं, आपण बाजूबाजूला झोपू या का. मी मान हलवली. त्यानंतर दिवसभर मी काहीच ऐकलं नाही. ती दुसऱ्या कोणाला विचारायच्या आत माझं जाणं पक्कं व्हायला हवं होतं, आणि बाजूबाजूला म्हणजे किती बाजूला, हेही मला कळत होतं.

आई नाहीच म्हणाली. "लोकाच्या गाद्या खराब करायले पाठवू का तिले?" शेवटी आबाजींनी तोड काढली. एक महिना हातात आहे, तेवढ्यात ते पोरीला कोरडी करून देतील. फॉर्म भरून द्यायचा. कॅम्पच्या आधीचा आठवडा पूर्ण कोरडा गेला तर जायचं, नाही तर तापाचं कारण सांगायचं.

दुसऱ्या दिवसापासून मला आगीपासून लांब ठेवण्यात आलं.

आमच्याकडे डिसेंबरात आगीपासून लांब राहणं म्हणजे माणसांपासून लांब राहणं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक दारापुढे शेकोटी असते. सगळ्या बातम्या तिथेच कळतात. मी आमच्या शेकोटीपासून दहा-बारा पावलांवर, पेरूच्या झाडाखाली उभी राहायचे. दोन स्वेटर, एक कानटोपी, आणि तरी दात वाजायचे. येणारा-जाणारा विचारायचा, पोरगी तिकडे काऊन उभी हाय? आबाजी म्हणायचे, "असंच." विचारणारा एकदा माझ्याकडे, एकदा आगीकडे बघायचा आणि समजल्यासारखी मान हलवायचा. मला वाटायचं, मोठ्या माणसांना असंच म्हटलं की पटतं.

संध्याकाळी वीज जायची तेव्हा मेणबत्ती लागायची. मी मेणबत्तीकडे पाठ करून बसायचं, असा नियम झाला. अभ्यास तर करायचा होता. मग मी भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि माझीच सावली वहीवर पडायची. त्या महिन्यातलं माझं अक्षर बघवत नाही.

आठ दिवस झाले तरी फरक पडेना. उलट थंडीने जास्तच. आबाजींनी हार मानली नाही, त्यांनी नियम वाढवले. देवापुढचा दिवा आला, उदबत्ती आली. गॅसवरून घरात वाद झाला. आई म्हणाली, गॅस काही आगीत धरत नाहीत. आबाजी म्हणाले, "निळी असली तरी आगच ना."

बाबा जेवता जेवता म्हणाले, "मग सूर्याचं काय करायचं? तिले दिवसभर खोलीत ठेवू का?"

आबाजींनी घास हातात तसाच ठेवून विचार केला. खरोखर विचार केला. मग म्हणाले, "सूर्यासंग कोण खेळते?"

सडक अर्जुनीहून आत्याचा फोन यायचा. तिने तीळगुळाचे लाडू सांगितले, रोज झोपताना एक. लाडू छान असायचे, पण वरून पाणी मिळायचं नाही. तिने असंही सांगितलं की पोरींचं हे लग्न झालं की आपोआप जातं. आई म्हणाली, "तोवर कॅम्प होऊन जाईन ना बाई."

या सगळ्याच्या मध्ये फॉर्म भरायची वेळ आली. घरात इंग्रजी लिहिता येणारी मी एकटी. माझे स्वतःचे सगळे फॉर्म, रजेचे अर्ज मीच लिहायचे, बाबा फक्त सही करायचे. शेवटच्या रकान्यात, पाल्याबद्दल काही विशेष सूचना असल्यास लिहा, असं होतं. मी रेघ मारणार होते. आबाजी म्हणाले, "त्यायले लिहून दे का पोरीले आगीजवळ जाऊ देजा नोका. इथं आपण महिनाभर राखलं, तिथं एका दिवसात सारं वाया जाईन."

"काऊन म्हणून विचारलं तर?" आई म्हणाली.

"विचारू नोका म्हणून लिही."

मी लिहिलं. माझ्या मते ते वाक्य फार व्यवस्थित झालं होतं. या मुलीला आग, काडेपेटी, मेणबत्ती आणि कंदील यांपासून कृपया लांब ठेवावे. तिला कारण विचारू नये. खाली बाबांनी सही केली. त्या फॉर्ममध्ये अंथरुणाचा एक शब्द नव्हता, आणि याचा मला अभिमान वाटला. एखादी गोष्ट सांगायची आणि तरी कळू द्यायची नाही, हे मला जमलं होतं.

आठवड्याभराने प्रिन्सिपल मॅडमनी घरच्यांना बोलावलं.

मॅडम केरळकडच्या होत्या. आमच्या भागात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. आई-बाबा गेले, आणि सूचना आपली होती म्हणून आबाजीही धुतलेलं धोतर नेसून आले. मला वर्गातून बोलावलं. मॅडमच्या टेबलावर माझा फॉर्म होता आणि शेवटच्या रकान्याखाली लाल रेघ. व्याकरणाची चूक झाली की काय, असं मला आधी वाटलं.

मॅडम त्यांच्या जपून बोलायच्या हिंदीत म्हणाल्या, "देखिए, आपने लिखकर बताया, अच्छा किया. पर साठ बच्चे हैं. मैं इसे नहीं ले जा सकती." मग आवाज खाली आणून, "कितनी बार जलाया है?"

"जी?" बाबा म्हणाले.

"इसने. घर में. कुछ बड़ा जलाया क्या?"

आई-बाबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. माझ्या त्यांच्या आधी लक्षात आलं, आणि मी कपाटातल्या ढालींकडे बघत राहिले. मॅडमना वाटत होतं मी आगी लावते. आता खरं सांगितलं की काम झालं असतं. एक वाक्य पुरलं असतं. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने फरशीकडे. मला दिसत होतं की दोघं मनातल्या मनात दोन पारड्यांत दोन गोष्टी ठेवून बघताहेत: आमची मुलगी अंथरूण ओलं करते, की आमची मुलगी आग लावते.

"एक बार," बाबा म्हणाले. "छोटा सा. घास जलाई थी."

"आता नाई करत," आईने भर घातली.

मॅडमनी मान हलवत काहीतरी लिहून घेतलं. आणि तेवढ्यात आबाजी खुर्चीतून पुढे सरकले. त्यांनी बाबांकडे असं पाहिलं की जणू कोणी इतके दिवस त्यांच्यापासून औषधाची बाटली लपवून ठेवली होती.

"गवत जाळलं? कवा? मले काऊन नाई सांगितलं?"

"बाबा, तुम्ही थांबा जरा," बाबा आबाजींना म्हणाले.

"थांबू कायले? म्हणूनच फरक पडून नाई राहिला."

शाळेतल्या मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या जवळच्याच खेड्यातल्या. त्यांनी कप टेबलावर ठेवले, लाल रेघेचा फॉर्म पाहिला, तो त्यांना वाचता येत नव्हता, मग माझ्याकडे पाहिलं आणि आबाजींना विचारलं, "आगीपासून राखून राहिले का पोरीले?"

"हो."

"हातरुणात मुतते का जी?"

"हो ना," आबाजी म्हणाले. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

त्या खोलीत त्या वेळी मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की मला पेरूच्या झाडाखालचे सगळे दिवस एकदम आठवले. जाणारे-येणारे माझ्याकडे बघायचे, आगीकडे बघायचे आणि मान हलवायचे. "असंच" त्यांना पटत नव्हतं. त्यांना माहीत होतं. आमच्या भागात मुलाला आगीपासून लांब उभं करणं म्हणजे त्याच्या गळ्यात पाटी लटकवणं आहे, हे माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. इतके दिवस मी रोज दोन वेळा, दोन स्वेटर घालून, हायवेपासून दोन गल्ल्यांवर स्वतःची जाहिरात करत उभी होते.

"क्या बोली?" मॅडमनी मावशींना विचारलं.

"बिस्तर में सू-सू करती मॅडम. हमारे इधर ऐसे बच्चे को आग से दूर रखते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "बस इतना?" त्या म्हणाल्या, आणि खरंच मोकळा श्वास घेतला. आधी त्यांनी मला विचारलं की लघवीला जळजळतं का, पोट साफ होतं का. मी मान हलवून उत्तरं दिली. मग त्यांनी सांगितलं की त्यांनी बारा वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलं आहे आणि अशा मुली दरवर्षी असायच्या. मुलं हे मुद्दाम करत नाहीत आणि आळसानेही करत नाहीत. झोप गाढ असते, शरीर अजून त्या बाबतीत तयार झालेलं नसतं, वयानुसार होतं. दुखत असेल किंवा बरेच महिने बंद होऊन पुन्हा सुरू झालं असेल तर डॉक्टरकडे न्या. रागावून, लाजवून काही उपयोग नाही. दिवसा भरपूर पाणी प्यायला द्या, फक्त झोपायच्या तोंडावर नको. आई फरशीकडेच बघत होती, पण ऐकत होती. "प्यासा मत रखिए," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा तिने पदर नीट केला.

"ये अक्सर घर में चलता है," मॅडम म्हणाल्या. "आप दोनों में किसी को था?"

बाबा टेबलावरच्या पृथ्वीच्या गोळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मुझे. पाँचवी तक."

"आठवी," आबाजी म्हणाले.

"बाबा."

"आठवीवरी होतं. मोहफुलं वेचायच्या दिवसात झाडाखाली पाला जाळते ना, त्या आगीत हा खेळे. मी बंद केलं, मग थांबलं."

"किती दिवसांनी थांबलं?" आईने विचारलं. तिने पहिल्यांदाच मान वर केली होती.

"चार वर्सं," आबाजी म्हणाले. "पण थांबलं."

आई बाबांकडे बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर गादी उचलताना ती गळतीचं वाक्य बोलली नाही. कधी कधी बाबा स्वतः गादी वर न्यायचे.

कोरड्या आठवड्याची अट मॅडमना कोणी सांगितलीच नाही, त्यामुळे ती आपोआप गळून पडली. मावशी कॅम्पला सोबत येणार होत्या. त्या मला झोपायच्या आधी आणि मध्ये एकदा उठवतील, जास्तीची चादर ठेवतील, असं ठरलं. आबाजींनी एकच विचारलं, तिथे आग असेल का. मॅडम म्हणाल्या, कॅम्प फायर तो होगा. घरी जाताना आबाजींनी माझ्याकडून वचन घेतलं की मी मागच्या रांगेत, पाठ करून बसेन. मी वचन दिलं. मी फार कमी बोलायचे, त्यामुळे माझ्या शब्दाला घरात किंमत होती.

पहिल्या संध्याकाळी माझ्या बाकावरच्या मुलीने मला हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. मी उठले नाही. महिनाभराने मी आगीकडे तोंड केलं होतं. गाल तापले, गुडघे तापले, मी हात पुढे केले. सकाळी माझी गादी कोरडी होती.

दुसऱ्या संध्याकाळी अवेळी पाऊस भुरभुरला, लाकडं भिजली आणि कॅम्प फायर झालंच नाही. सकाळी गादी ओली होती. मावशींनी चादर गुंडाळून आपल्या पिशवीत टाकली, दुसरी अंथरली आणि इतरांना उठवायला गेल्या, एक शब्द न बोलता. बाजूची मैत्रीण डोळे मिटून पडली होती. झोपली होती की नव्हती, ते मला अजून माहीत नाही. नाश्त्याला तिने माझ्या ताटात तिची जिलबी ठेवली, पण ती तिला आवडतही नसे.

परत आलो तेव्हा आबाजी शाळेच्या फाटकाशीच उभे होते.

"आगीजवळ गेली का?"

"नाही."

"हातरून?"

"कोरडं."

मी दोन्ही वाक्यं खाली बघून म्हटली. आबाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून मी त्यांचा पुरावा झाले. शेकोटीशी, किराणा दुकानात, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा ते सांगायचे की दोन रात्री लोकाच्या गादीवर, पण चादरीला डाग नाही. घरी मी अजून ओलं करत होते, पण ते घरातलं झालं. ते पुराव्यात धरत नव्हते.

मार्चमध्ये एका संध्याकाळी वीज गेली आणि मी कुंपणापलीकडे शेजारची पहिलीतली मुलगी पाहिली. ती ओसरीवर मेणबत्तीकडे पाठ करून बसली होती. पाटी मांडीवर, आणि पाटीवर तिची स्वतःची सावली. तिची आई आतून ओरडली, "मागं पाहू नोको. त्या घरची पोरगी कशी कोरडी झाली, पाह्य."

त्या घरची पोरगी मी होते.

मी कोणाच्या मध्ये पडत नाही. तेव्हाही पडत नव्हते. पण मी कुंपणाशी गेले आणि तारेतून हळूच तिला सांगितलं की मी पण करते. अजून करते. कॅम्पमध्येही केलं होतं. तुझा काही दोष नाही, तू फिर इकडे. ती लगेच फिरली आणि मेणबत्तीच्या उजेडात माझ्याकडे बघत राहिली. मग ती धावत आत गेली आणि तिने मोठ्या आवाजात सगळं घराला सांगितलं.

वीज यायच्या आधी ते आबाजींपर्यंत पोचलं होतं. त्यांनी मला बोलावलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला जास्त जड गेलं.

"खोटं काऊन बोलली?"

मी कुंपणाकडे पाहिलं.

"कॅम्पात ओलं झालं?"

"दुसऱ्या दिवशी."

त्यांच्या आयुष्यभराच्या त्या वाक्याचं मी काय करून ठेवलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आगीजवळ गेली होती का?"

"गेले होते," मी म्हटलं. मग मला सगळंच खरं सांगावंसं वाटलं. "पण आबाजी, आगीजवळ बसले त्या रात्री कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी आग नव्हतीच, पाऊस होता. तेव्हा ओलं झालं."

आबाजींनी बराच वेळ विचार केला. सूर्याच्या वेळी केला होता त्याहून जास्त. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, खांदे खाली आले, आणि त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आगीचं दुसऱ्या दिवशी लागते."